खापरातला इस्तू

कुंभारवाडा, सुपे तालुका
मार्गशीर्ष शुद्ध ६, शके १८३३

केशर,

हे पत्र दाजींनी मोठ्यानं वाचायचं हाय. दाजी, ऐकताय न्हवं? मागचं पत्र तुम्ही मनातल्या मनात वाचलंत आन तिला "सगळी खुशाल हाईत" येवढंच सांगितलंत, हे मला बैलवाल्या कृष्णाकडनं कळलं. दोन पानं लिव्हली व्हती मी! अक्षर तुम्हीच शिकवलंत, लग्नाच्या साली माझ्या ओसरीवर बसून, कोळशानं. पण म्हणून पत्र तुमचं न्हाई, माझ्या बहिणीचं हाय.

केशर, तुमच्याकडं उभं भात पाण्यात गेलं, हे दाजींनी लिव्हलंय. पुढं लिव्हतात, "आमच्या गावची बारा माणसं कुपावर घेशील का? हातात कुऱ्हाडी हाईत, घरात दाणा न्हाई." अगं, इचारायचं काय त्यात? तू उपाशी बसलीस तर माझ्या घशाखाली घास उतरंल का?

दाजी, कूप म्हंजे सरकारनं त्या साली तोडायला नेमून दिलेला रानाचा तुकडा. गुत्तेदार तो बोलीनं घेतो आन तोडतो आम्ही. सगळ्या वाड्यांत मिळून कुऱ्हाडी वीस. कापणी आटपल्याबिगर आमची एकबी हलत न्हाई, आन आम्ही न्हाई गेलो तर त्याचं सागवान उभंच राहतं. म्हणून औंदा तो दोनदा माझ्या ओसरीवर येऊन बसला, तुझ्या यमुनावैनीनं दिलेलं गूळपाणी प्याला आन पाच आणे रोज कबूल करून गेला. मला मुकादम केलंय. हजेरी लिव्हायला येते ना आता! नागू म्हणाला, "परशू, तुझ्या मेव्हण्याच्या कोळशाला ही फळं आलीत." खरंच हाय.

नागू तुला लई इचारतो. त्याच्या लावणीला मी, माझ्या कापणीला तो, सावड अजून तशीच चाललीय. पैसा न्हाई, हिशेब न्हाई, एका घरची पेज दुसऱ्या घरी. काल बोलता बोलता तुझी आठवण निघाली. तुला त्याच्या घरनं इस्तू आणायला धाडलं की तू त्याच्या बायकोशी, गिरजावैनीशी, येवढ्या गप्पा मारायचीस, की घरी येईस्तवर खापरात नुसती राख. आई चुलीपुढं वाट बघत बसलेली. तिनं तुला कितीदा मारलं असंल!

बाराजण येऊ देत. दिगीच्या वाटेनं घाट चढून या, चौकीवर कुणी अडवलं तर माझं नाव सांगा. चंद्राला मामाचा मुका.

तुझा परशूदादा

*

कुंभारवाडा
आषाढ वद्य ३, शके १८३४

केशर,

दाजी सुखरूप पोचले, चार महिन्यांचा दाणा घरात आला, हे वाचून जीव भांड्यात पडला. चंद्राला नवा परकर मिळाला म्हणून ती नाचली, हे दाजींनी लिव्हलं नसतं तरी मला दिसलं असतं.

तुमची माणसं कामाला वाघ. त्यास्नी रान ठाऊक न्हाई, पण एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत न्हाई. दाजी तर संध्याकाळी सगळ्यांची हजेरी वाचून दाखवायचे, कुणाचा अर्धा दिवस बुडू द्यायचे न्हाईत. गुत्तेदार खूश. कुपाच्या तोंडाशी दुकान लागलं, तिथं मीठ-मिरची, काड्यापेटी, सगळं मिळायला लागलं. यमुनाची अंडी आन केळी तिथंच खपली. गाडीवाल्यांच्या खेपा वाढल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या घरात औंदा दोन लुगडी आली.

फक्त एक गोष्ट सांगतो, दाजी, मनावर घेऊ नका. हंगाम सरता सरता रोज चार आण्यांवर आला. गुत्तेदार म्हणाला, "आता माणसं मिळतात, परशू." येवढंच म्हणाला आन पान जुळवत बसला. आमच्यातल्या तिघांना त्यानं काम न्हाई म्हणून परत धाडलं. ते खानापूरकडं गेले, अजून आले न्हाईत. त्यांची शेतं तशीच पडलीत. माझ्या लावणीला दर साली चौदा माणसं असायची, औंदा नऊ आली. नागू आला, पण लांबच्या टोकाला जाऊन रोपं लावत राहिला. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काय न्हाई. चिखल लई हाय."

चिखल दर सालीच असतो.

केशर, चवथीला ये. यमुना वाट बघतीय.

परशूदादा

*

कुंभारवाडा
कार्तिक वद्य १०, शके १८३४

दाजी,

हे पत्र तुम्हालाच. केशरला वाचून दाखवलं न्हाई तरी चालंल.

औंदा येऊ नका.

गुत्तेदाराचा माणूस घाट उतरून तुमच्याकडं आला व्हता, आन गावोगाव फिरून सत्तर माणसं ठरवून गेला, असं ऐकलं. त्यानं पाच आणे सांगितलं असंल. पाच मिळणार न्हाईत. इथं आमचीच माणसं मोकळी बसलीत. नागूला, रानातल्या सगळ्यात जुन्या तोड्याला, गुत्तेदारानं सांगितलं, तीन आण्यांवर ये न्हाईतर बस घरी. नागूनं कुऱ्हाड खांद्यावर घेतली आन घरी आला. दुसऱ्या दिवशी परत गेला. काय करंल? घरात चार तोंडं हाईत.

लोक माझ्याकडं बघतात. "तुझे पाव्हणे" म्हणतात. आणखी एक सांगतो, माणसामागं मला गुत्तेदाराकडनं काय मिळतं, असं कुणी तुमच्या कानात घातलं असंल तर ते खोटं हाय.

तुम्हाला दाणा कमी पडला तर कृष्णाच्या बैलावरनं धाडतो. पण येऊ नका.

परशू

*

कुंभारवाडा
श्रावण शुद्ध ११, शके १८३५

चि. सौ.

ते खोडलंय, केशर. हाताला सवय हाय म्हणून लिव्हलं गेलं.

बातमी तुला कृष्णानं सांगितलीच असंल. हे पत्र देवळातल्या भटजींकडनं वाचून घे. भटजींना माझा नमस्कार.

दाजी आषाढात हिंवतापानं गेले. तीन दिवस अंगात ताप व्हता. पावसाळ्यात ह्या रानात राहू नये हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. गुत्तेदारानं त्यांचा हंगामाचा अर्धा रोज अडकवून ठेवला व्हता, माल डेपोत पोचल्यावर देतो म्हणाला, आन पावसानं ओंडके वाटेतच अडकले. म्हणून ती माणसं थांबली. हे मला आधी ठाऊक नव्हतं.

आम्ही करायचं ते सगळं केलं. औषधपाणी केलं. शेवटचं सगळं रीतीनं केलं. नदीकाठी, जांभळाखाली. यमुना लई रडली.

त्यांची कुऱ्हाड आन घोंगडं माझ्याकडं हाय. पाऊस सरला की धाडतो. चंद्राला सांभाळ. तिला मामाचं घर, तुला भावाचं घर कायम उघडं हाय.

परशूदादा

*

कुंभारवाडा
आश्विन शुद्ध २, शके १८३५

केशर,

कृष्णानं तुझा निरोप दिला. येवढाच व्हता, म्हणाला. "दादाला इचार, शेवटाला कुणी ऊन पेज दिली का?"

मी दोनदा इचारलं, "आणखी काय म्हणाली?" तो म्हणाला, "न्हाई, येवढंच. आन परत आत गेली."

दिली. यमुनानं दिली. तांदळाची, मीठ घालून, वर लोणच्याची फोड. दोन दिवस दिली. आता जीवाला लावून घेऊ नगंस.

परशूदादा

*

कुंभारवाडा
कार्तिक शुद्ध १३, शके १८३५

केशर,

काल कृष्णा परत आला. त्याला म्हटलं, "पत्रं वाचली का तिनं?" तो बैलांना चारा घालत व्हता. वर न बघताच म्हणाला, "तुझी सगळी पत्रं तिनं फडताळात ठेवलीत. शेवटची दोन उघडलेली न्हाईत. म्हणाली, माझ्या घरात वाचणारा एकच व्हता. भटजीच्या तोंडनं मला माझा भाऊ ऐकायचा न्हाई."

मी ओसरीवर बसलो तो उठलोच न्हाई. यमुना दोनदा जेवायला बोलावून गेली.

म्हंजे श्रावणापासनं जे लिव्हत व्हतो ते कुणी ऐकलंच न्हाई. भटजी वाचंल, त्याच्यापुढं कसं लिव्हू, म्हणून मी जपून लिव्हत व्हतो. भटजीचं निमित्त व्हतं गं. भ्यायलो व्हतो तुलाच.

हे पत्र आता कृष्णाकडं देणार न्हाई. तरी लिव्हतो, कारण तोंडानं सांगायला गेलो तर मी परत खोटं बोलंन. मला माझी जात कळलीय. कागदावर एकदा आलं की ते तसंच वाचावं लागतं.

पहिलं. यमुनानं पेज दिली न्हाई. ती देणार व्हती, मी देऊ दिली न्हाई.

दुसरं. माणसामागं मला गुत्तेदाराकडनं मिळत व्हतं. दाजींच्या बाराजणांचंबी मिळालं, तुझ्या नवऱ्याचंबी मिळालं. त्यातनंच दोन लुगडी आली. यमुनाला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक हाय. दोन्ही लुगडी तिनं घडी करून ठेवलीत, नेसत न्हाई.

तिसरं. रोज तुमच्या माणसांनी पाडला न्हाई. लोक तसं म्हणत व्हते आन मी मान हलवत व्हतो. पाच आण्यांचे चार करताना गुत्तेदारानं मला तंबूत बोलावलं, म्हणाला, "परशू, तू बोल तुझ्या लोकांशी, तुला मी सांभाळतो." मी बोललो. चाराचे तीन झाले तवाबी मीच येऊन सांगितलं. कागद वाचता येणारा मीच ना एकटा!

मागच्या माघात, उळवीच्या जत्रेहून आल्यावर, दाजी माझ्याकडं आले. तुमची सत्तर माणसं आली व्हती तवा. मी येऊ नका म्हटलं तरी ते आले ह्याचा मला राग व्हता, मी नीट बोलतबी नव्हतो. ते ओसरीच्या खालीच उभं राहिले. म्हणाले, "परशूदा, तुमच्या सतरा कुऱ्हाडी आन आमच्या सत्तर. सगळ्यांनी मिळून आठ दिवस खाली ठेवू. बघू तो कुणाकडनं तोडून घेतो. माझ्या लोकास्नी मी सांगतो, तुझ्या लोकास्नी तू सांग." मी म्हटलं, "तुमच्या लोकास्नी काय, आज हाईत उद्या घाट उतरतील. आम्हाला हितंच राहायचंय." ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो."

मी न्हाई म्हटलं. आठ दिवस हजेरी पडली नसती तर माझं माणसामागचं बुडालं असतं. हे त्यांना सांगितलं न्हाई. सरकार पकडंल, गार्ड पकडंल, असलं कायबाय सांगितलं. ते ऐकून घेऊन गेले. त्या दिवसापासनं ते मला परशूदा म्हणायचे, पण ओसरी चढायचे न्हाईत.

मंग चैत्रात गावदेवापुढं बैठक झाली. आणखी तीन घरांतली माणसं खानापूरकडं निघून गेली व्हती, नागूला तर तीन आण्यांवरनंबी काढलं व्हतं. सावड मोडली व्हती. ज्याच्या हातात रोख व्हता तो म्हणायचा, मी कशाला दुसऱ्याच्या चिखलात उतरू, आन ज्याच्या हातात न्हाई तो घरीच नव्हता. बायका पाठीवर पोरं बांधून एकट्या नांगरामागं. लोक चिडले व्हते, आन खरं सांगतो, चिडायला कारण व्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, "पाव्हणे आणलेस, आता तूच बोल काय करायचं ते."

केशर, त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर लोकांनी मला मुकादम ठेवलं नसतं, येवढंच. मी उठलो. देवापुढच्या धुनीतला निखारा पानावर घेतला आन म्हणालो, "आजपासनं घाटाखालच्या भायल्यास्नी आपल्या कुठल्याच घरातनं इस्तू न्हाई."

तुला ठाऊक हाय, आपल्याकडं वैऱ्यालाबी इस्तू नाकारत न्हाईत. दोन भाऊ कोर्टात भांडतात, पण एकाची चूल विझली तर दुसऱ्याची बायको खापर भरून देते. आईनं आयुष्यात कुणाला न्हाई म्हटलं नव्हतं. नागू खालनं म्हणाला, "परशू, इस्तूचं बोलू नगंस. दुसरं काय बी बोल." नागू, ज्याचं काम गेलं! मी म्हटलं, "बोललो ते बोललो." देवापुढं निखारा ठेवला. तो तिथंच विझला.

माझ्या मनात काय व्हतं सांगू? इस्तू न्हाई मिळाला की ती माणसं चार दिवसांत कंटाळून घाट उतरतील, पावसाआधी घरी पोचतील, त्यांचंबी बरं आन आमचंबी, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांचा रोज अडकलाय, ती जाऊ शकत न्हाईत, हे मला ठाऊक व्हतं. श्रावणात तुला लिव्हलं की ठाऊक नव्हतं. हजेरी माझ्याच हातात व्हती, कुणाचं किती अडकलंय ते मीच लिव्हत व्हतो.

आषाढातला तो दिवस सांगायचा राहिला. सांगतो.

दुपार व्हती. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. दुकानवाला मृगातच पाल गुंडाळून गेला व्हता, तुमच्या माणसांजवळच्या काड्यापेट्या भिजून लगदा झाल्या व्हत्या. हे मला कुणी सांगितलं न्हाई, पण त्यांच्या खोपटांवरनं धूर दिसत नव्हता, आन तो न दिसलेला मी दोन दिवस बघत व्हतो. माझ्या ओसरीवर नऊजण बसले व्हते, पाऊस कमी व्हायची वाट बघत. नागू त्यांत नव्हता. तो आपल्या शेतात एकटा लावणी करत व्हता.

दाजी आले. डोक्यावर इरलं, हातात खापर. अंगात ताप हाय हे लांबनं कळत व्हतं. अंगणात उभं राहून म्हणाले, "मातसो उजो दी, परशूदा." थोडा इस्तू मागत व्हते, तुमच्याकडं त्याला उजो म्हणतात. ते माझ्याशी नेहमी आमच्यासारखं बोलायचे. त्या दिवशी तापात त्यांची आपली बोली तोंडात आली.

यमुना आतनं ऐकत व्हती. तिनं चिमट्यात निखारा धरला, दारापर्यंत आली. नऊ माणसं माझ्याकडं बघत व्हती. कुणी "देऊ नगंस" असंबी म्हटलं न्हाई, केशर. कुणी तसं म्हटलं असतं तर आज मी त्याच्या नावानं ओरडलो असतो.

मी म्हटलं, "यमुना, ठेव ते आत."

दाजींनी खापराकडं बघितलं. त्यात पावसाचं पाणी साचलं व्हतं, ते त्यांनी ओतलं. मंग म्हणाले, "बरं. केशरीक सांगू नाका."

आन गेले.

येवढं झाल्यावर त्या माणसानं माझीच अब्रू राखली, तुझ्यापुढं. आन मी काय केलं? दाजीच नको म्हणाले म्हणून सांगत न्हाई, असं मनाला समजावत चार महिने काढले. त्यांच्याच शब्दाच्या आड लपलो.

यमुना मागल्या दारानं गिरजावैनीकडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नागू आपल्या चुलीतला इस्तू खापरात घेऊन निघाला. वर इरलं धरलं व्हतं, पण लपवत नव्हता. वाड्याच्या मधनं, सगळ्यांच्या अंगणांपुढनं, माझ्याबी अंगणापुढनं गेला. पाच खोपटांत त्यानं चुली पेटवून दिल्या. दाजींना त्यानं पाठीवर घातलं आन आपल्या ओसरीवर आणलं. पेज गिरजावैनीनं दिली. तांदळाची, मीठ घालून. दोन दिवस पाजली, चमच्यानं. लोणच्याची फोड मी बनवून लिव्हली व्हती, ते गिळण्याच्या पलीकडं व्हते.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे हाय. व्हय, ऊन पेज मिळाली. त्यांच्या येण्यानं ज्याचं काम गेलं, त्याच्या चुलीवरची मिळाली. तुझ्या भावाच्या चुलीवरची न्हाई.

मी नागूच्या अंगणात तीनदा गेलो आन तीनदा परत आलो. तिसऱ्या दिवशी ते गेल्यावर गेलो. जांभळाखाली लाकडं मी रचली, ती येवढी एक गोष्ट खरी हाय. चितेला इस्तू नागूनं दिला. मी हात पुढं केला तर तो म्हणाला, "तू नगंस." मी मागं सरलो.

आठ दिवसांनी नागू माझ्या शेतात लावणीला आला. एकटाच. मी बांधावरनं म्हटलं, "नागू, नगं रे, माझ्याच्यानं बघवत न्हाई." तो रोपांची मूठ सोडत म्हणाला, "तुझ्यासाठी न्हाई आलोय. यमुनावैनीच्या पोटाला लागंल ना भात." संध्याकाळपर्यंत काम केलं, पेज न खाता घरी गेला. त्याच भाताची कापणी मी परवा संपवली. ते भात शिजवलं की माझ्यानं खाववत न्हाई.

देवापुढच्या त्या शब्दाचं पुढं कुणी नाव काढलं न्हाई. तुमची माणसं श्रावण सरता सरता घाट उतरली, अर्धा रोज तसाच राहिला. औंदा गुत्तेदारानं आणखी लांबची माणसं सांगितलीत, कुठनं कुठनं, त्यांची बोलीबी कळत न्हाई. परवा तो माझ्या ओसरीवर आला. आता तो गूळपाण्याला थांबत न्हाई. मी हजेरीची वही त्याच्या हातात दिली. म्हणाला, "काय झालं, परशू? आकडे येईनासे झाले काय?" मी म्हटलं, "आकडे येतात. वाचायला नकोसे झालेत." त्याला काय कळायचंय? दुसरा मुकादम त्याला दुपारपर्यंत मिळाला.

उद्या पहाटे मी निघणार. दाजींची कुऱ्हाड, घोंगडं आन नागूनं चंद्रासाठी दिलेले तांदूळ घेऊन. नागूला सांगितलं कुठं जातोय ते. चार महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याकडं सरळ बघून बोलला. म्हणाला, "सगळं सांग. अर्धं सांगून येऊ नगंस."

केशर, फडताळातली पत्रं काढून ठेव. दाजींनी जशी मोठ्यानं वाचायला हवी व्हती तशी मी वाचीन, पहिल्यापासनं. जिथं खोटं हाय तिथं थांबून सांगीन, हे खोटं हाय. शेवटी हे वाचीन. चंद्राला आत बसव किंवा शेजारी धाड, तुझं तू ठरव. तू रड, शिव्या दे, अंगावर धावून ये. मी मधेच थांबणार न्हाई.

माझ्या पिशवीत खापर हाय. नागूच्या घरचंच, तू ज्यातनं राख आणायचीस ते. वाचून झाल्यावर मी अंगणात उतरीन, ते पुढं धरीन, आन तुमच्या बोलीत मागीन. तू दिलास तर दिलास. न्हाई दिलास तर "बरं" म्हणीन, दाजींसारखंच खापर पालथं करीन आन घाट चढायला लागीन.

पण आधी वाचू दे. वाचायच्या आधी मला भाऊ म्हणून आत घेऊ नगंस.

परशू